पहिला दिवस बोटीचा

लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. ते नाव घरात रुळायला महिने लागतात, पण हनिमूनच्या तिकिटावर उत्साहाच्या भरात लगेच जाऊन बसतं. मग बॅलार्ड पियरच्या टर्मिनलवर ओळखपत्र काढायची वेळ येते आणि आधार कार्डावर माहेरचंच नाव असतं. म्हणून जाणते ट्रॅव्हल एजंट बुकिंग घेतानाच बजावतात, कागदावर जे नाव आहे तेच घाला, नव्या नावाचं परतल्यावर बघू. लक्षद्वीपची फेरी असेल तर मामला आणखी काटेकोर, कारण बाहेरच्या माणसाला तिथे जायला परवाना लागतो आणि तोही कागदावरच्या नावानेच निघतो. जाहिरातीत दिसतो तो डेक, मावळता सूर्य आणि कठड्याला टेकलेलं जोडपं. प्रत्यक्षात पहिली दुपार जाते ओळखपत्र, सामानाची तपासणी, फोटो, खोलीचं कार्ड आणि मधल्या रांगांमध्ये. मोठ्या बॅगा डेकचा आणि खोलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधून धक्क्यावरच सोडून द्याव्या लागतात, त्या खोलीच्या दाराशी येईतो संध्याकाळ होते. त्यात इस्त्री सापडली तर ती वेगळी ठेवून घेतात, आग लागण्याच्या भीतीने. या सगळ्यामुळे चढण्याचा दिवस हा वाया गेलेला दिवस, तो जितका लवकर उरकेल तितकं बरं, असं मानायची पद्धत पडली आहे. पैसे जास्त मोजून रांग टाळायची सोय अनेक कंपन्या विकतात ती याच समजुतीवर. माझं म्हणणं उलट आहे. तो दिवस मुळात जोडप्याचा नसतोच, तो बोटीचा असतो, आणि तिला तो पुरता मिळायला हवा. आपल्याकडच्या क्रूझ जशा दोन-तीन रात्रींच्या होत चालल्या आहेत, तसा नेमका तोच दिवस आखूड करण्याचा मोह वाढतो आहे.

मुंबईची क्रूझ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ येते. सप्टेंबर २०२१ पासून ती इथून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करते आहे. बोट मात्र नवी नाही. १९९० साली फ्रान्समधल्या सेंट-नझेरच्या गोदीत ती तयार झाली तेव्हा तिचं नाव होतं ‘नॉर्डिक एम्प्रेस’, मालक रॉयल कॅरिबियन आणि ठिकाण मायामी. तिची आखणीच तीन आणि चार रात्रींच्या बहामा फेऱ्यांसाठी झाली होती. सुट्टी थोडी, हौस पुष्कळ आणि बोटीचा अनुभव शून्य, अशा गिऱ्हाइकासाठी. तीस वर्षांनी ती मुंबईला आली तेव्हा गिऱ्हाईक रंगरूपाने बदललं, गरज तीच राहिली. लग्नाची रजा आठ-दहा दिवसांची, त्यातले निम्मे देवदर्शनात आणि पाहुण्यांत गेलेले, उरलेल्यांत गोव्यापर्यंत समुद्रातून जाऊन यायचं. आता साधा हिशेब मांडू. सात रात्रींची फेरी करणाऱ्या बोटीला वर्षातून ५२ वेळा प्रवासी बदलावे लागतात. फेरी तीन रात्रींची असेल तर हा आकडा १२० च्या पुढे जातो, दोन रात्रींची असेल तर १८० च्या. जोडप्याच्या आयुष्यात एकदा येणारा दिवस अशा बोटीवर दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. तिकडे दोन रात्रींच्या सहलीत जोडप्याच्या वाट्याला बोटीवरचे तास येतात चाळीस-बेचाळीस, त्यातले चार-पाच रांगेत आणि सुरक्षा-कवायतीत गेले तर त्यांना ते डाचणारच. म्हणजे फेरी आखूड झाली की दोन्हीकडून ओढाताण सुरू होते. बोटीला हा दिवस जास्त वेळा लागतो आणि प्रवाशाला तो कमी हवा असतो.

बोटीला त्या दिवशी करायचं काय असतं, ते पाहू. पहाटे बोट धक्क्याला लागते, सकाळभर जुने प्रवासी उतरतात आणि दुपारी नवे चढू लागतात. मधल्या काही तासांत सुमारे ८०० खोल्या रिकाम्या करून, चादरी-टॉवेल बदलून, न्हाणीघरं घासून पुन्हा उभ्या करायच्या. भाज्या, दूध, मांस, बर्फ, बाटल्या आत घ्यायच्या, कचरा उतरवायचा, पाणी आणि इंधन भरायचं. बोटीवरचे पलंग बहुतेक ठिकाणी दोन एकेरी असतात आणि मागणीप्रमाणे जोडले किंवा वेगळे केले जातात. काल ज्या खोलीत कॉलेजचे दोन मित्र होते, तिथले पलंग आज सरकवून, वर एकच मोठी चादर ताणून, कुठे कुठे टॉवेलचे हंस करून ठेवले जातात. मधली फट जाणवते अशी तक्रार नवविवाहित करतात, आणि ती खरीच असते. पण ती फट ज्याने झाकली त्याला त्या दुपारी तशाच आणखी कितीतरी खोल्या उरकायच्या असतात. हे सगळं निवांतपणे दोन दिवस घेऊन का करत नाहीत, असं कुणी विचारेल. उभी बोट पैसे खाते, हे त्याचं उत्तर. मुंबईला हे आपल्या दारातच पाहायला मिळालं. २०१९ मध्ये गाजावाजा करून आलेली ‘कर्णिका’ हीसुद्धा १९९० सालचीच बोट. महामारीत फेऱ्या थांबल्या, कंपनी आटोपली आणि २०२० संपण्याच्या आत ती अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली.

खलाशांच्या कामाच्या तासांना आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. २००६ च्या सागरी श्रम कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती मिळाली पाहिजे, तिचे फार तर दोन तुकडे करता येतात आणि त्यातला एक सलग सहा तासांचा असावा लागतो. कामाचे तास मोजले तर आठवड्याला ७२ ही कमाल. हे आकडे ऐकायला दिलासा देणारे वाटतात, पण बारकाईने पाहिलं तर दहा तासांची विश्रांती म्हणजे चौदा तासांपर्यंत कामाची मुभा. आठवड्यातून एकदा येणारा चौदा तासांचा दिवस माणूस सोसतो. तो आठवड्यातून तीनदा आला तर बाकीच्या दिवसांची कसर कुठून काढायची, हा प्रश्न नियमात नीट बसत नाही. कागद पाळूनही माणूस थकलेला असू शकतो. गोव्यातल्या घराघरांना हे सांगावं लागत नाही. तिथे दर्यावर्दी नोकरीवर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि चढण्याचा दिवस त्याच्याही घरात असतो, फक्त उलट्या अर्थाने. गावोगावच्या गोंयकारांनी धोबीतलाव-गिरगावात ‘कूड’ नावाची वसतिगृहं काढली ती यासाठीच. बोट मिळेपर्यंत मुंबईत स्वस्तात पाठ टेकायला जागा हवी आणि देव्हाऱ्यात आपल्याच गावचा संत हवा. सुट्टीत लग्न उरकून, नवी नवरी घरी ठेवून, पुढच्या काही महिन्यांच्या करारावर निघालेला तारवटी हे त्या समाजातलं नित्याचं चित्र आहे. एकाच धक्क्यावर एकाचा हनिमून सुरू होतो आणि दुसऱ्याचा संपतो, हे वाक्य लिहायला सोपं आहे, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. जोडप्याने पैसे मोजले आहेत. कामगारांचे तास आणि बोटीचा नफातोटा ही कंपनीची काळजी, ती नवरानवरीच्या डोक्यावर का? अगदी मान्य. हॉटेलात खोली घेताना चादर कुणी बदलली याचा विचार करायला कुणी सांगत नाही. पण हॉटेल आणि बोट यांत एक फरक आहे, आणि तो कायद्याचाही आहे. हॉटेल शहरात असतं, म्हणून तिथे अग्निशमन दल, पोलीस आणि दवाखाना शहराचा. बोट बंदराबाहेर पडली की तीच गाव आणि तीच ग्रामपंचायत. ज्या देशाचा झेंडा तिच्यावर असेल त्याचा कायदा तिच्यावर चालतो. हे किती खरं आहे त्याची गंमत लग्नाच्याच संदर्भात पाहायला मिळते. शंभराहून जास्त वर्षं ब्रिटिश नोंदणी मिरवणाऱ्या क्यूनार्ड कंपनीने २०११ मध्ये आपल्या तिन्ही ‘क्वीन’ बोटी बर्म्युडाला नोंदवल्या, कंपनीने दिलेलं कारण हे, की ब्रिटिश नोंदणीच्या बोटीवर कप्तानाला लग्न लावता येत नव्हतं. बोटींच्या मागच्या बाजूला साउदॅम्प्टनच्या जागी हॅमिल्टन हे नाव आलं. अशा गावात राहायला जाणारा माणूस नुसता गिऱ्हाईक राहत नाही. आग लागली तर बादलीच्या रांगेत उभं राहणाऱ्यांत त्याची गणती होते, निदान वाट अडवू नये एवढी तरी त्याच्याकडून अपेक्षा असते. आणि चादर बदलणारा तोच माणूस अनेक बोटींवर आणीबाणीत प्रवाशांना जिन्याकडे वळवायला उभा असतो. त्याचा थकवा हा मग फक्त त्याचा प्रश्न राहत नाही.

म्हणून चढण्याच्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं काम, माझ्या मते, ती कंटाळवाणी सुरक्षा-कवायत आहे. सात आखूड भोंगे, एक लांब, आणि सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. नव्या नवरीला नारिंगी जॅकेट घालून शे-दीडशे अनोळखी माणसांत उभं करणारा हा प्रसंग फोटोच्या दृष्टीने भिकार असतो. पण तो कुठून आला ते आठवावं. १० एप्रिल १९१२ च्या संध्याकाळी फ्रान्समधल्या शेरबूर बंदरात ‘टायटॅनिक’वर चढलेल्यांत जॉन जेकब ॲस्टर आणि त्याची अठरा वर्षांची बायको मॅडलिन होती. हनिमूनची लांबलचक सफर संपवून, दिवस गेलेले असताना, ती दोघं अमेरिकेला परतत होती. त्या बोटीवर सुमारे २,२०० माणसं होती आणि लाइफबोटींत जागा होती १,१७८ जणांना. या आकड्यांची चर्चा पुष्कळ होते. मला त्याहून बोलका वाटतो तो दुसराच आकडा. ६५ माणसं मावणारी पहिली लाइफबोट पाण्यात उतरली तेव्हा तिच्यात २८ जण होते. जागा कमी होत्या, आणि होत्या त्याही भरल्या नाहीत, कारण कुणी कुठे जायचं हे प्रवाशांना ठाऊक नव्हतं आणि बोट बुडते आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मॅडलिन वाचली. बायकोच्या अवस्थेमुळे तिच्यासोबत बसू द्या, असं ॲस्टरने विचारून पाहिलं; त्याला नकार मिळाला आणि तो गेला. पुढे १९१४ च्या जानेवारीत लंडनमध्ये समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आजची ही कवायत त्याच घराण्यातली आहे.

‘टायटॅनिक’नंतर शंभर वर्षं होत आली होती, रडार आले होते, उपग्रह आले होते. १३ जानेवारी २०१२ च्या संध्याकाळी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीतल्या चिवितावेक्किया बंदरातून निघाली आणि काही तासांतच जिल्यो बेटालगतच्या खडकावर घासली. बोटीवर ४,२२९ माणसं होती, ३२ मेली. बोटीवरची सुमारे सातशे माणसं त्याच दिवशी, त्याच बंदरात चढलेली होती आणि त्यांची कवायत झालेली नव्हती. कंपनीने त्यात नियम मोडला होता का? नाही. चढल्यापासून चोवीस तासांच्या आत कवायत घ्या, असं तेव्हाचा नियमच सांगत होता. पहिली संध्याकाळ मोकळी सोडावी, जेवण होऊ द्यावं, कवायतीचं उद्या पाहू, एवढी सवलत त्या नियमात होती. खडकाने त्या संध्याकाळची मौज पाहिली नाही. महिन्याभरातच क्रूझ कंपन्यांनी बोट सुटण्याआधीच कवायत घेण्याचं आपणहून ठरवलं आणि १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमही तसाच झाला, बोट सुटण्याआधी किंवा सुटताच लगेच. माझ्या म्हणण्याला याहून चोख पुरावा नाही. पहिला दिवस प्रवाशाला बहाल करून पाहिला गेला, आणि तो परत बोटीकडे घ्यावा लागला.

यावर आजच्या काळाचा आक्षेप असा, की सगळ्यांना उन्हात उभं करण्याची गरजच काय? महामारीच्या काळात कंपन्यांनी नवी रीत आणली. फोनवर फीत पाहायची, मग सवडीने आपल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं, तिथला कर्मचारी दोन वाक्यांत समजावतो, झालं. रीत लोकांना आवडली आणि महामारी ओसरल्यावरही अनेक बोटींवर टिकली. तिच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. जुन्या कवायतीत निम्मे लोक गप्पा मारत, कुणी पेला घेऊन येई, लाउडस्पीकरवरचं अर्धं कळत नसे. एकट्याने जाऊन जागा पाहिली तर ती डोक्यात जास्त पक्की बसत असेल, हे मी मान्य करतो. पण कवायतीत शिकायचं असतं ते नुसतं ठिकाण नव्हे. आपल्या मजल्यावर काठी टेकणारे किती आजोबा आहेत, कडेवर मूल घेतलेल्या किती बाया आहेत, त्या जिन्यात एका वेळी किती माणसं मावतील, हे फीत दाखवू शकत नाही. एकट्याने फेरी मारून आलेल्या जोडप्याला वाट माहीत होते, गर्दी माहीत होत नाही. आणीबाणीत वाटेवर गर्दीच असते.

आपल्याकडे हे सांगायला इटलीला जायचं कारण नाही. कोकणातल्या एका पिढीला मुंबई-गोवा म्हणजे कोकणबोटच आठवते. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं करत पणजीला जायची. डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची, बंदर आलं की बोटीतून पडावात उडी टाकायची. ना कार्ड, ना कवायत, आणि तरी लोक मजेत गेलेच की, असा सूर आजही ऐकू येतो. त्या आठवणींचा गोडवा खोटा नाही. पण त्याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ ला, ऐन दीपअमावास्येच्या सकाळी, रेवसला निघालेली ‘रामदास’ही विसरता येत नाही. काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात बोट कलली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बातमी मुंबईला कळायला कित्येक तास लागले, आणि जे वाचले त्यातले बरेच रेवसच्या कोळ्यांमुळे, ज्यांनी मचव्यातली मासळी पाण्यात टाकून माणसं उचलली. अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेवर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत बोटीत बसताच जॅकेट चढवणारा माणूस भित्रा ठरत असे.

आता उरतो तो सगळ्यात नाजूक आक्षेप. हनिमून म्हणजे एकांत. आणि तुम्ही त्याची सुरुवात रांगेने, गर्दीने, भोंग्याने करायला सांगता. या आक्षेपाच्या मुळाशी असलेली कल्पनाच तपासून पाहावी लागेल. ज्या ब्रिटिश समाजाकडून हनिमून आपल्याकडे आला, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुखवस्तू घरांतल्या लग्नानंतरची सफर बऱ्याचदा लग्नाला न आलेल्या नातलगांच्या भेटीगाठींसाठी असे, आणि सोबत एखादी बहीण किंवा मैत्रीणही जाई. एकांत नंतर आला. आपल्याकडे तर अजूनही बहुतेक घरांत पहिला प्रवास कुलदैवताचा. जेजुरीला नवरा बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढतो तो भर गर्दीत, भंडाऱ्याच्या धुरळ्यात, मागून सासू-नणंदा हसत असताना. त्या गर्दीमुळे हनिमून बिघडला असं कुणी म्हणत नाही. मग महाबळेश्वर, माथेरान, गोवा होतात ते वेगळे. बोटीवरचा एकांत तर शब्दशः गर्दीने बांधलेला आहे. दीड हजारांवर माणसांची बोट, पत्र्याच्या भिंतींच्या खोल्या, १९९० च्या बोटीत बाल्कन्या थोड्या आणि बिनखिडकीच्या खोल्या पुष्कळ. अशा जागी दार लावल्यावर जी निश्चिंती वाटते ती समुद्राची देणगी नसते. आज जेवण काय, गाडी कुठून, बिल किती, रस्ता कोणता, यातलं काहीच आपल्याला ठरवायचं नाही, याची ती निश्चिंती असते. लग्नाच्या धबडग्यातून आलेल्या दोघांना तीच हवी असते, आणि हवी असण्यात काही वावगं नाही. पण ती त्या दुपारीच तयार होते, त्या चादरींतून आणि त्या कवायतीतून.

मुंबईला सप्टेंबर २०२५ मध्ये नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल मिळालं. वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता सांगितली जाते, ७२ काउंटर आहेत. ज्या बॅलार्ड पियरवर एके काळी पी अँड ओच्या टपालबोटीतून साहेब उतरत आणि धक्क्यालगतच्या मोल स्टेशनातून फ्रंटियर मेल पकडत, तिथे रांगा आता आखूड होतील. चांगलंच आहे, रांगेत ताटकळण्यात पुण्य नाही, आणि म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना तर नाहीच. माझा मुद्दा वाचलेले तास कुणाकडे जातात हा आहे. काउंटरवर वाचलेला तास पुढची फेरी तासभर आधी सोडण्यात गेला, तर टर्मिनल चकचकीत झालं आणि बोट होती तिथेच राहिली. तो खोल्या लावणाऱ्यांकडे आणि कवायतीकडे गेला, किंवा कंपन्यांनी चार-पाच रात्रींच्या फेऱ्या वाढवून हा दिवसच वर्षातून कमी वेळा आणला, तर गोष्ट वेगळी. चार-पाच रात्री महाग पडतात, रजाही पुरत नाही, हे खरं. पण मग दोन रात्रींच्या सहलीची जाहिरात दीड दिवसाची करावी, आणि पहिली दुपार बोटीची आहे हे तिकीट विकतानाच सांगून टाकावं. हे ऐकून जोडपी पळून जातील असं मला वाटत नाही. जेजुरीच्या पायऱ्या आधी सांगूनही लोक चढतातच.

बोट सुटल्यावर बंदरातून ती बाहेर काढतो तो बंदराचा पायलट, जुन्या मराठीत आरकाटी. डाव्या हाताला दूर थळ आणि खांदेरी, उजवीकडे कुलाब्याच्या टोकाशी प्रॉंग्सचं दीपगृह. आत जेवणाच्या हॉलमध्ये पहिली पंगत बसत असते, आणि मधल्या बोळांतून अजून बॅगा सरकत असतात. मोकळं पाणी लागलं की बोटीच्या पाण्यालगतच्या एका लहान दारातून दोरीची शिडी खाली सुटते, शेजारी पायलटची लाँच लागते. आरकाटी दोन पायऱ्या पाठमोरा उतरतो, लाटेने लाँच वर उचलली जाईपर्यंत थांबतो आणि पाय टाकतो. त्या दिवशी त्या बोटीवरून समुद्रात उतरणारा तो एकटाच माणूस असतो.